नवं लिहिलं, पण कळवायचं कसं? फीड, व्हॉट्सॲप, ईमेल की वेबमेन्शन

उदगीर, जिंतूर किंवा अंबाजोगाईत बसून कुणी स्वतःची वेबसाइट उभी केली, की महिनाभरात एक प्रश्न समोर येतो: नवा लेख टाकला हे वाचकाला कळणार कसं? फेसबुकवर ते काम कंपनी करते, तेही तिच्या लहरीनं. स्वतःच्या साइटवर ते आपणच करायचं. हाताशी चार मार्ग आहेत: आरएसएस फीड (साइटवरच्या नव्या लेखांची यादी, जी दुसरं ॲप आपोआप वाचतं), व्हॉट्सॲप, ईमेल पत्र आणि साइटला साइट जोडणारी वेबमेन्शन-वेबरिंगची जोडी. चारही पैसे न घालता सुरू होतात. निवडताना दोनच गोष्टी तपासायच्या: आपला वाचक बसतो कुठे, आणि उद्या मधली सेवा बंद पडली तर आपल्या हातात काय उरतं.

दुसरी गोष्ट पोकळ भीती नव्हे. फीड वाचायची गूगलची सेवा, गूगल रीडर, १ जुलै २०१३ ला बंद झाली. मराठी ब्लॉगांच्या कडेला ‘ईमेलने लेख मिळवा’ अशी चौकट असायची. ब्लॉगरची ती सोय जुलै २०२१ मध्ये गेली. ज्यांनी वाचकांची यादी आधी उतरवून घेतली नाही, त्यांचे वाचक त्या चौकटीबरोबरच गेले.

फीड ही साइटवरची एक साधी एक्सएमएल फाइल, म्हणजे खुणांमध्ये बांधलेला मजकूर. वर साइटचं नाव, पत्ता आणि वर्णन. खाली शेवटच्या दहा-पंधरा लेखांच्या नोंदी. वाचक फीडली, इनोरीडर किंवा थंडरबर्ड अशा फीड वाचणाऱ्या ॲपमध्ये (म्हणजे रीडरमध्ये) तिचा पत्ता टाकतो आणि नवं काही आलं की त्याला दिसतं. वर्डप्रेस आणि ब्लॉगर ही फाइल आपोआप बनवतात. साइट बनवून देणाऱ्या साधनांपैकी ह्यूगोही बनवतं, जेकिलला मात्र एक प्लगइन (जोड-प्रोग्राम) लावावं लागतं. हातानं एचटीएमएल लिहिणाऱ्यालाही अर्ध्या दिवसात जमतं. फक्त प्रत्येक पानाच्या हेडमध्ये (वाचकाला न दिसणाऱ्या वरच्या भागात) फीडच्या पत्त्याची लिंक ओळ टाकायला विसरू नये, नाहीतर रीडरला फीड सापडत नाही.

मराठी साइटचं फीड बिघडतं ते बहुधा तारखेपाशी. आरएसएसमध्ये तारीख ठरलेल्या साच्यातच लागते: वाराची आणि महिन्याची इंग्रजी तीन अक्षरं, इंग्रजी आकडे आणि शेवटी आपल्या वेळेचा अधिक ०५३०. १७ सप्टेंबर २०२५ चा, मुक्तिसंग्राम दिनाचा लेख असेल, तर सुरुवातीला बुधवारची इंग्रजी अक्षरं हवीत. साइटची भाषा मराठी केल्यावर थीम तिथे ‘सप्टें’ आणि देवनागरी आकडे भरते; मग काही रीडर लेख तळाला ढकलतात, काही तो दाखवतच नाहीत. दुसरी खोट ओळख-क्रमांकाची. प्रत्येक नोंदीला एक कायमची ओळख द्यायची असते. साइटचा पत्ता बदलताना तीही बदलली, तर सगळे जुने लेख वाचकाकडे नवे म्हणून पुन्हा येऊन आदळतात. तिसरी, मजकुरात तसंच सोडलेलं ‘अँड’चं चिन्ह (&): त्या एका चिन्हानं अख्खी फाइल वाचता येईनाशी होते. एक्सएमएलच्या पहिल्या ओळीआधी रिकामी ओळ राहिली तरी तेच. चढवण्याआधी डब्ल्यूथ्रीसीच्या (वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेच्या) फीड तपासनीसातून फाइल एकदा काढली, की यातलं बरंचसं सापडतं.

फीडचा तोटा सरळ आहे: मराठवाड्यात फीड रीडर वापरणारा वाचक विरळा. फीड असतं ते स्वतः साइट चालवणाऱ्यांसाठी, आणि बाकीचे मार्ग ज्यावर उभे राहतात त्या पायासाठी.

व्हॉट्सॲपवर वाचक आधीच बसलेला आहे. तिथे तीन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होते. ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात, पण प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. वाचक महिलांना हे नको असतं, आणि ते रास्तच आहे. शिवाय चार दिवसांत तिथे सुप्रभातच्या फुलांचा सडा पडतो. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये जतन केलेला नाही त्यांना निरोप पोचतच नाही. चॅनेल भारतात सप्टेंबर २०२३ पासून आहे. त्यात नंबर झाकलेले राहतात आणि संख्येची अडचण नाही. पण झाकलेले म्हणजे आपल्यापासूनही झाकलेले. यादी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. चॅनेलवरचा मजकूर सर्व्हरवर ३० दिवसांपर्यंतच ठेवू, असं कंपनीनं सुरुवातीलाच सांगितलं होतं. म्हणून पेरणीआधी टाकलेली बीजप्रक्रियेची माहिती साइटवर पूर्ण असावी, चॅनेलवर दोन ओळी आणि लिंक.

लिंकखाली चित्र-शीर्षकाची चौकट यायला पानाच्या हेडमध्ये ओपन ग्राफ नावाच्या पद्धतीचे शीर्षक, वर्णन आणि चित्र हे तीन टॅग लागतात. चित्र ३०० किलोबाइटच्या आत ठेवावं. जड चित्र कित्येकदा येतच नाही. पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं, आणि पत्त्यात त्याची नऊ अक्षरं होतात. ‘औंढा-नागनाथ’ एवढाच पत्ता कॉपी करून चिकटवला की टक्क्याच्या चिन्हांनी (%) भरलेली ९१ अक्षरांची माळ होते, आणि ती मधेच तुटली की लिंक मेली.

ईमेल महिन्यातून एकदा सविस्तर लिहिणाऱ्याला शोभतं. यादी आपली, हवी तेव्हा उतरवता येते. जीमेलच्या साध्या खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पाठवता येतं, आणि बीसीसीत (लपवलेल्या पत्त्यांच्या रकान्यात) सगळे कोंबणं म्हणजे स्पॅमचं आमंत्रण. यादीला पत्र पाठवणाऱ्या पत्रसेवांपैकी बटनडाउन पहिल्या १०० वाचकांपर्यंत फुकट आहे. सबस्टॅक फुकट, पण सशुल्क वर्गणी सुरू केली की १० टक्के घेतं. स्वतःच्या डोमेनवरून पाठवायचं तर पत्र खरंच आपलंच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) भराव्या लागतात. इथे नेहमीची चूक: मेलबॉक्सवाल्याची एक एसपीएफ ओळ आधीच असते, पत्रसेवेसाठी दुसरी वेगळी जोडली जाते. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते. दोन झाल्या की तपासणीच फसते. दोन्ही सेवा एकाच ओळीत गुंफायच्या. पाठवणारा म्हणून जीमेलचा पत्ता लावून पत्रसेवेतून पाठवू नये, ते पत्र स्पॅममध्ये जाण्याचीच शक्यता जास्त.

वेबमेन्शन म्हणजे एका साइटनं दुसरीचा दुवा दिला की तिला आपोआप मिळणारी पोच. २०१७ पासून हे डब्ल्यूथ्रीसीचं प्रमाण आहे. सर्व्हरवर स्वतःचा प्रोग्राम न चालवणाऱ्या साइटला वेबमेन्शन डॉट आयओवर नोंदणी करून हेडमध्ये एक ओळ टाकली की पोच घेता येते. पण समोरची साइट पाठवणारी हवी. इंडीवेबच्या, म्हणजे स्वतःच्या साइटवरच लिहिण्याचा आग्रह धरणाऱ्या मंडळींत ते चालतं, मराठीत पाठवणारी साइट क्वचितच भेटते. हे शेवटी करायचं काम.

तेव्हा वाचक गावातले, नात्यातले, शेतीतले असतील तर फीड आणि चॅनेल. दीर्घ लेख असतील आणि वाचक पुण्या-मुंबईत पांगलेले असतील तर फीड आणि ईमेल. चॅनेल आणि ईमेल एकदम सुरू करू नका, महिन्याभरात एक ओस पडतं.

परभणी, नांदेड, लातूरकडचे पाच-सहा साइटवाले एकमेकांना ओळखत असतील, तर वेबरिंग जरूर करावी: प्रत्येकाच्या पानाखाली ‘मागची साइट’ आणि ‘पुढची साइट’ असे दोन दुवे. हे दुवे प्रत्येकानं हातानं लिहिले, तर एकानं डोमेनचं नूतनीकरण चुकवलं की साखळी तुटते. त्यापेक्षा सगळ्यांची यादी एका फाइलमध्ये ठेवून दुवे तिच्यावरून काढावेत, म्हणजे बंद साइटची ओळ खोडली की साखळी पुन्हा जुळते. ती फाइल बदलण्याचा हक्क किमान दोघांकडे असू द्यावा.