क्रुगरच्या सफरीसाठी मलेरियाची गोळी: डॉक्सिसायक्लिन की अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल?

दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात सप्टेंबर ते मे या काळात मलेरियाचा धोका अधिक असतो आणि तेथे क्लोरोक्विन या मलेरियावरील जुन्या औषधाचा भरवसा उरलेला नाही. त्यामुळे मलेरिया टाळण्यासाठी डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन आणि अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल या दोहोंपैकी एक गोळी सुचवतात. दोन्ही प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून रोज घ्यायच्या असतात. मात्र त्या भागातून बाहेर पडल्यावर अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ७ दिवसच घ्यावी लागते, तर डॉक्सिसायक्लिन ४ आठवडे, आणि घरी परतल्यावर नेमकी तिथेच टाळाटाळ होते.

डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे, परंतु तिने त्वचा उन्हाला हळवी होते, जे उघड्या जीपमधून दिवसभर फिरणाऱ्याला फार जड जाते. शिवाय ती ग्लासभर पाण्यासोबत घेऊन लगेच आडवे होणे टाळावे, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग असली तरी आठवडाभराच्या सफरीसाठी मला तीच योग्य वाटते. फक्त ती जेवणासोबत किंवा दुधासोबत घ्यावी, कारण स्निग्ध पदार्थांशिवाय ती शरीरात नीट शोषली जात नाही. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांना ती चालत नाही.

गोळी कोणतीही असो, संध्याकाळी लांब बाह्यांचे कपडे घालावेत आणि परतल्यावर ताप आलाच, तर प्रवासाची माहिती देऊन त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.