जस्ताच्या मुलाम्याचा बोट ट्रेलर : तीन हंगामांनंतर

होडी वाहून नेणाऱ्या आणि तिच्यासह खाऱ्या पाण्यात उतरवायच्या ट्रेलरची पारख रंगावरून करू नये, हे मला आधीच्या ट्रेलरने शिकवले. बाहेरून तो अखेरपर्यंत तुकतुकीत होता. चौकोनी नळ्यांच्या आत पाणी साचून लोखंड गंजत चालले आहे, हे चाकाजवळच्या सांध्याला भोक पडले तेव्हाच कळले. म्हणून या वेळी हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग केलेला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा दिलेला, उघड्या सी-चॅनेलचा (इंग्रजी C च्या आकाराच्या, एका बाजूने उघड्या पट्ट्यांचा) ट्रेलर घेतला.

सांगाड्याबद्दल तक्रार नाही. जोडणी पूर्ण झाल्यावर तो सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवलेला असल्यामुळे वेल्डिंगचे सांधे आणि कडाही झाकल्या गेल्या आहेत. शिवाय ओरखडा उठला तरी भोवतीचे जस्त आधी झिजून लोखंडाला वाचवते, जे साध्या रंगाला जमत नाही. विकणाऱ्याच्या ‘गॅल्व्हनाइज्ड’ या शब्दावर मात्र भिस्त ठेवू नये. विजेच्या साहाय्याने चढवलेला चकचकीत थर साधारण ५ ते २५ मायक्रॉनचा असतो, तर जाड पोलादावर बुडवून चढवलेला ७० ते ८५ च्या घरात जातो, आणि तो दिसायला करडा, काहीसा मळकट असतो. मळकटच घ्यावा.

अॅल्युमिनियमचा ट्रेलर हलका असतो, हे खरे. पण स्टेनलेस स्टीलचे बोल्ट त्याला थेट टेकले, की खाऱ्या पाण्यात त्या जागी अॅल्युमिनियम खाल्ले जाते. मधे प्लॅस्टिकचे वॉशर आहेत का, ते पाहावे.

माझी नाराजी चाकांवर आहे. रस्त्यावर तापलेला हब (चाकाचा मधला, बेअरिंग असलेला भाग) थंड पाण्यात शिरला, की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. तरीही कंपनीने साधीच टोपणे दिली होती. ग्रीसवर हलका दाब ठेवणारी स्प्रिंगची टोपणे मी पहिल्याच हंगामात बसवली आणि बेअरिंग अजून शाबूत आहेत. ड्रम ब्रेक आतून धुण्यासाठी नळी जोडायची सोय नाही, ही त्याहून मोठी उणीव आहे, कारण मीठ तिथेच अडकून बसते. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने दहा मिनिटे धुणे तर कोणत्याही ट्रेलरला चुकत नाही.

गंज आजवर एकाच ठिकाणी दिसला : दिव्यांच्या पट्टीसाठी मुलाम्यानंतर पाडलेल्या दोन भोकांच्या कडेला. तिथे मी जस्तयुक्त रंग लावला आहे आणि तो दर हंगामाआधी पुन्हा लावतो.