विमा एजन्सीच्या सॉफ्टवेअरमध्ये डुप्लिकेट पॉलिसी नंबर टाकला, तर एन्ट्री सरळ ब्लॉक करायची की वॉर्निंग द्यायची?

ब्लॉक केलं की डेटा स्वच्छ राहतो हे खरंय, पण रिन्युअलला काही कंपन्या नंबर तोच ठेवतात, मग एन्ट्री करणारा वैतागून शेवटी टिंब नाहीतर ‘-१’ जोडून सेव्ह करतो आणि कंपनीकडून आलेलं कमिशन स्टेटमेंट आपल्या नोंदींशी काही केल्या मॅच होत नाही, मी स्वतः निस्तरलंय हे.

मला वॉर्निंगच पटते, फक्त नुसता नंबर नको, कंपनी, नंबर आणि सुरू तारीख तिन्ही एकत्र तपासा, स्पेस-स्लॅश काढून. जुनी नोंद शेजारी दिसलीच पाहिजे, नाहीतर लोक न वाचता ओके दाबतात. आणि हो, एक्सेलमधून इम्पोर्ट करताना कॉलम आधी टेक्स्ट करा, नाहीतर १५ अंकांपुढचे आकडे शून्य होतात आणि दोन वेगळे नंबर सारखेच दिसतात!