गोल्फ कार्टला पल्सरचं इंजिन : वेल्डिंगला पाच स्टार, रिव्हर्सला शून्य

आधी रेटिंग सांगून टाकतो, पाचपैकी अडीच. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, भोसरीकडचं आहे एवढंच, कारण मिस्त्री कामाला खोटा नाही आणि माझं थोडं काम अजून त्याच्याकडे बाकी आहे.

तर झालं असं की नारायणगावपासून थोडं आत आमचं कृषी पर्यटन आहे, गेटपासून खोल्यांपर्यंत साधारण पाऊण किलोमीटर आणि मधे एक चढ. पाहुण्यांना आणायला एका क्लबच्या भंगारातून सहा सीटची इलेक्ट्रिक गोल्फ कार्ट घेतली होती, 48 व्होल्टवाली, म्हणजे सीटखाली 8 व्होल्टच्या सहा लेड अ‍ॅसिड बॅटऱ्या. दोन वर्षं मस्त चालली. मग बॅटऱ्या गेल्या, आणि त्या आमच्याच चुकीने गेल्या, डिस्टिल्ड वॉटर कोण टाकणार यावरून मी, आमच्याकडचा सोपान आणि धाकटा भाऊ एकमेकांकडे बघत बसलो आणि प्लेटा उघड्या पडल्या. नव्या सेटचं कोटेशन आलं 84 हजार. शेडमधे भावाची जुनी पल्सर 150 धूळ खात पडलेली, इंजिन चालू, बाकी सगळं सडलेलं. तेवढ्यात कोणीतरी म्हणलं अरे हेच टाक की त्यात. 45 हजारात काम ठरलं, झालं 71 हजारात. म्हणजे वाचले 13 हजार, ते पुढे कुठे गेले ते सांगतोच.

आधी चांगलं सांगतो. फॅब्रिकेशन खरंच एक नंबर आहे. बॅटऱ्यांचा ट्रे कापून त्याच जागी अँगलची चौकट, इंजिनच्या माउंटिंगला रबर बुश (स्वस्तातले लोक डायरेक्ट वेल्ड मारतात आणि मग महिन्यात सगळे नटबोल्ट ढिले होतात), वेल्डिंगचा मणी असा सरळ की बोट फिरवलं तर कुठे अडकत नाही. गिअरचा दांडा डाव्या हाताला आणलाय, खाली एक लांब रॉड आणि दोन बॉल जॉइंट, पुढे ढकलला की फर्स्ट, मागे ओढत गेलं की वरचे. क्लचसाठी तिसरं पेडल, केबल बाइकचीच. टॉप गिअरला ठक्क आवाज येऊन जे बसतं ना, मी पहिल्या दिवशी उगाचच सात-आठ वेळा टाकून बघितलं. स्टार्ट पण सेल्फवर लगेच, किक वापरायला जागाच नाही म्हणून ती काढून टाकली.

आता रडगाणं. बाइकला रिव्हर्स नसतो. हे वाक्य वाचून तुम्ही म्हणाल यात काय नवीन, पण ही गोष्ट आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात गाडी घरी येईपर्यंत आली नाही. इलेक्ट्रिकला डॅशबोर्डवरचा खटका उलटा केला की मोटर उलटी फिरायची, विषय संपला. आता गेटजवळ वळवायची म्हणजे मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना खाली उतरवून "जरा धक्का द्या ना" म्हणायचं. एका काकांनी दिला बिचाऱ्यांनी धक्का, वर म्हणाले यासाठी पॅकेजमधे वेगळे पैसे आहेत का.

दुसरं, गरम होणं. पल्सरचं हे इंजिन एअर कूल्ड, त्याला समोरून वारा लागतो, म्हणून तर हेडला ती पट्ट्यापट्ट्यांची नक्षी असते. इथे ते सीटखाली पेटीत बंद आणि गाडी चालणार ताशी 10-12 ने, फर्स्ट-सेकंडला. मागच्या उलट्या तोंडाच्या सीटवर एक आजी बसल्या होत्या, चढ संपायच्या आत म्हणाल्या, "बाळा, मला शेकोटीवर बसवलंय का रे?" मग मिस्त्रीने कारचा जुना रेडिएटर फॅन लावून दिला. पेटी थंड झाली खरी, पण तो फॅन जेवढा करंट खातो तेवढा बाइकच्या चार्जिंगला झेपत नाही, चार दिवसात बॅटरी डाऊन. आणि किक तर आपण काढून फेकलीय! परत लावायला गेलो तर दांडा फिरायला जागा नाही. आता रोज रात्री बॅटरी चार्जरला लावतो, म्हणजे फिरून चार्जिंगच.

क्लच प्लेटा तिसऱ्या महिन्यात जळल्या. यात मिस्त्रीचा दोष नाही. मोटर पहिल्या इंचापासून पूर्ण ताकद देते, तर या इंजिनाची 14 एक पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच) ताकद मिळते कुठे, तर साडेआठ हजार आरपीएमला. सहा माणसं घेऊन चढावर हाफ क्लचमधे गाडी उचलायची म्हणजे प्लेटा जळणारच, वास खोल्यांपर्यंत गेला होता.

पण एक्सलचा दोष मात्र त्याचाच. कार्टच्या मूळ एक्सलमधे साधारण 12 ला 1 रिडक्शन असतं (मोटर बारा फेऱ्या फिरली की चाक एक), आणि बाइकच्या गिअरबॉक्सचं रिडक्शन आधीच झालेलं, त्यामुळे तो म्हणाला टॉपमधे पण बैलगाडी होईल, आणि ते बरोबरच आहे. पण त्यावर उपाय म्हणून पूर्ण एक्सलच काढून सरळ सॉलिड दांडा टाकला, मधे चेनचं चक्कर (दातेरी चाक, स्प्रॉकेट). पुढे इंजिनला मोठं आणि मागे छोटं चक्कर लावून जुन्याच एक्सलवर स्पीड जमवता आला असता आणि डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं ते) वाचलं असतं. आता वळताना दोन्ही चाकं सारखीच फिरतात, आतलं चाक घासत जातं, पेव्हर ब्लॉकवर किंचाळतं आणि लॉनवर तर नांगरट. शिवाय जुने ड्रम ब्रेक त्या एक्सलबरोबर गेले, त्याजागी बाइकची एकच डिस्क. पूर्वी गाडी उभी करताना ब्रेकचं पेडल दाबून लॉक व्हायचं, आता गिअरमधे ठेवून चाकामागे दगड. एवढ्या वजनाला एका डिस्कवर मी 20 च्या वर जाऊ देत नाही, थ्रॉटलखाली बोल्ट लावून घेतलाय. भावाने एकदा 40 ला काढली होती, त्याचं आणि माझं दोन दिवस बोलणं बंद.

पेट्रोलचं अजून एक. बाइकची टाकी कार्ब्युरेटरच्या वर असते, पेट्रोल आपोआप उतरतं. मिस्त्रीने टाकी ठेवली मागच्या सीटखाली, त्यामुळे अर्धी झाली की चढावर गाडी फुसकन बंद. फोन केल्यावर मात्र स्वतः आला, व्हॅक्यूमवरचा छोटा पंप बसवला आणि पैसे घेतले नाहीत. अडीचमधला अर्धा स्टार त्याचा.

त्या दिवशी चहा पिताना तोच म्हणाला, "शेठ, खरं तर याला रिक्षाचं इंजिन पाहिजे होतं." बरोबर आहे हो, बजाजच्या रिक्षाच्या इंजिनाला स्वतःचा फॅन असतो, चार पुढचे गिअर, एक रिव्हर्स आणि डिफरन्शियल पण सोबतच. म्हणलं मिस्त्री, मग हे आधी का नाही बोललात? तर म्हणे, "तुम्ही टेम्पोत पल्सर टाकूनच आलता ना." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कोणी करणार असाल तर कागदांचं बघा. इंजिनचा नंबर कोणाच्या तरी आरसीवर असतो. आमची स्वतःची बाइक होती म्हणून आरटीओत रजिस्ट्रेशन रद्द करून घेतलं, भंगारातून इंजिन घेत असाल तर पावतीशिवाय हात लावू नका. आणि असली गाडी स्वतःच्या कंपाउंडातच, डांबरी रोडवर काढायची नाही, पासिंग नाही की इन्शुरन्स नाही.

आवाजाची तक्रार पाहुण्यांची आहे, सकाळी पक्षी ऐकायला येतात आणि ऐकतात पल्सर. सोपान म्हणतो असू द्या, आपल्याकडे बिबट्या आहे, रात्री आवाज असलेला बरा. सध्या पाहुणे पायी जातात आणि कार्टवर टोमॅटोचे क्रेट जातात. रिव्हर्स गिअरबॉक्स वेगळा मिळतो, त्याचा अ‍ॅडव्हान्स दिलाय, मिस्त्री गेले तीन शनिवार "येत्या शनिवारी" म्हणतोय. मागच्या बंपरवर क्लबचा जुना स्टिकर अजून तसाच आहे, कृपया हिरवळीवर गाडी नेऊ नये.