कॉइलिंग की क्लिपिंग, महाधमनी जन्मतः अरुंद असेल तर?

भावाला कोआर्क्टेशन (म्हणजे महाधमनी जन्मतः अरुंद) आहे, आता मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगाही सापडला, काय करू असं एकीने विचारलंय. अशा लोकांत साधारण 10 टक्क्यांना फुगा सापडतो, बाकीच्यांत 2-3 टक्के.

आत जायचा रस्ता हाच खरा घोळ. कॉइलिंग म्हणजे नळीतून फुग्यात बारीक तारेची गुंडाळी (कॉइल) भरणं; ही नळी बहुतेक वेळा जांघेतून वर नेतात आणि तिला नेमका तो अरुंद भाग पार करावा लागतो, म्हणून मग उजव्या मनगटातून जातात. क्लिपिंगमध्ये (फुग्याच्या तोंडाला बाहेरून चिमटा लावणं) हा प्रश्नच नाही, पण कवटी उघडावी लागते, आणि यांचं वरच्या अंगाचं बीपी आधीच चढलेलं, त्यामुळे भूल देणाऱ्याची कसोटी.

टिकाऊपणात क्लिप पुढे. कॉइल कधीकधी दबते, तपासण्या करत राहाव्या लागतात. रिकव्हरी मात्र कॉइलिंगची लवकर होते.

कॉइलिंगमध्ये स्टेंट (रक्तवाहिनीत बसवायची जाळीची नळी) लागला तर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या बरेच महिने, आणि पुढे महाधमनीचं ऑपरेशन असेल तर अडचणच (हे आधीच विचारा!).

फुगा फुटलेला असेल आणि दोन्ही जमण्यासारखं असेल तर कॉइलिंग. वय कमी, फुग्याचं तोंड रुंद, जागा हाताशी येणारी असेल तर क्लिपिंग. अगदी छोटा असेल तर कधीकधी नुसतं लक्ष ठेवतात, बीपी मात्र सांभाळायचंच.