मारवेलची प्रजाती ओळखण्यासाठी दहापटीचे घडीचे भिंग

तीन काचा एकत्र बसवलेले हे दहापटीचे भिंग गेले तीन हंगाम माझ्या गळ्यात आहे आणि त्याचा कस मी मुख्यतः एकाच कामावर लावला आहे : डायकॅन्थियम, म्हणजे मारवेल गवताची प्रजाती (जीनस, जवळच्या जातींचा गट), तिच्या अगदी जवळच्या बोथ्रिओक्लोआपासून वेगळी ओळखणे. दोन्ही प्रजातींत कणसे बऱ्याचदा बोटांसारखी फाकलेली असतात आणि कणिशके, म्हणजे कणसातले फुलांचे छोटे घटक, जोडीने येतात, एक बिनदेठाचे व एक देठाचे. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी ठरवलेले नाव सहज चुकते.

खरा फरक त्या देठात आहे. बोथ्रिओक्लोआच्या देठाला मधोमध उभी पन्हळ असते आणि तिथला पापुद्रा इतका पातळ असतो की उजेड आरपार येतो. कणसाचा तुकडा चिमट्यात धरून आभाळाकडे केला आणि भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवले, की दोन गडद कडांमधली ती उजळ रेघ स्पष्ट दिसते. मारवेलचा देठ मात्र सगळीकडे सारखाच भरीव दिसतो. या भिंगात काचेच्या कडेपर्यंत रेघ तुटत नाही आणि तिला रंगीत झालरही येत नाही. यापूर्वी मागवलेल्या एका भिंगावर तीस पट असे कोरलेले होते, पण त्यात मधला ठिपका सोडला तर सारे धूसर दिसायचे. वीसपटीचे चांगले भिंगही शेतात गैरसोयीचे ठरते, कारण दहापटीला वस्तू सुमारे 25 मिलिमीटरवर धरता येते, तर वीसपटीला त्याच्या निम्म्यावर, आणि मग आपलीच सावली आड येते.

बोथ्रिओक्लोआ या नावातला ‘बोथ्रोस’ म्हणजे ग्रीकमध्ये खळगा. परंतु तुषावरचा, म्हणजे कणिशकाच्या बाहेरच्या सालपटावरचा, खळगा या प्रजातीच्या सगळ्या जातींत नसतो, म्हणून मी भरवसा रेघेवरच ठेवतो. जात ओळखतानाही भिंग उपयोगी पडते : डायकॅन्थियम अॅन्युलेटमच्या पेरावरचे पांढऱ्या केसांचे कडे त्यात फार देखणे दिसते.

या काटेकोरपणाला कारण आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्मे यांनी 1796 मध्ये वर्णिलेले डायकॅन्थियम मूळचे आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाचे. अमेरिका खंडात ते माणसाने चाऱ्यासाठी नेले. बोथ्रिओक्लोआच्या काही जाती मात्र तिथल्याच आहेत. नमुन्याच्या चिठ्ठीवर एक नाव चुकले की नकाशावर परक्या गवताचा ठिपका मूळचा म्हणून उमटतो. डायकॅन्थियम पाचगणीएन्सीसारखी पश्चिम भारतापुरतीच असलेली जात असेल, तर ती चूक आणखी महागात पडते.

भिंगाच्या बिजागरीचा स्क्रू मात्र सैल होतो आणि दर महिन्याला आवळावा लागतो. चकचकीत कवचामुळे भर उन्हात डोळ्यांवर तिरीपही येते. शिवाय काही नमुने भिंगालाही दाद देत नाहीत : बोथ्रिओक्लोआ ब्लाधीचा मारवेलशी संकर होतो, हे संशोधक हार्लन व डी वेट यांनी 1963 मध्ये दाखवले आहे. देठातली रेघ आहे असेही म्हणवत नाही आणि नाही असेही म्हणवत नाही, असा नमुना आला की मी प्रजातीची जागा कोरी सोडतो आणि कणीस कागदात दाबून सूक्ष्मदर्शकासाठी बाजूला ठेवतो.