कॅसेट बिनधास्त द्या, फोटो मात्र समोर बसून

लॅमिंग्टन रोडवर जुन्या कॅसेट, फोटोंच्या निगेटिव्ह वगैरे कॉम्प्युटरवर घेऊन देणारं एक छोटंसं दुकान आहे, ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरलात की चालत जाता येतं, जिना अंधारा आहे आणि वर पोटमाळ्यावर एसी नाही, तर ज्येष्ठ मंडळींना घेऊन जाऊ नका. पुढचं सगळं जरा लांबलंय पण रिव्ह्यूच आहे, मधे मधे अप्पा येतील कारण सामान सगळं त्यांचंच होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. बेस्टच्या वीज खात्यात नोकरी, मुगभाटातल्या चाळीत दोन खोल्या, आणि संध्याकाळी घरी आले की चहा पिऊन जे सुरू व्हायचं त्याला आई 'उद्योग' म्हणायची. वर्षश्राद्धाच्या आधी आम्ही भावंडांनी ठरवलं की नातेवाईक जमतील तेव्हा काहीतरी लावूया. म्हणून आधी एका ठिकाणी 'ट्रिब्यूट व्हिडिओ' करायला दिला होता (नाव नको, माणसं बिचारी प्रेमळ होती), त्यांनी एक फॉर्म दिला, वडिलांचे पाच फोटो आणि तीन गुण लिहा म्हणून. दादाने लिहिलं कुटुंबवत्सल, हरहुन्नरी, मनमिळाऊ. व्हिडिओ आला, मागे बासरी, समुद्रावर सूर्यास्त, आणि अप्पा कुठेच नाहीत. ते तीन शब्द तर गिरगावातल्या निम्म्या माणसांना चालतील.

मग माळ्यावरच्या कॅसेटच्या पेट्या काढल्या आणि ह्या दुकानात गेले. दुकानातल्या काकांनी पहिलं काय केलं तर एकही कॅसेट लावली नाही, एकेक उजेडात धरून बघितली. मुंबईच्या दमटपणात टेपवर पांढरी बुरशी धरते, ती तशीच लावली तर मशीनच्या हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला लागते आणि मग पुढच्या चांगल्या कॅसेटलाही, म्हणून बुरशीवाल्या बाजूला काढल्या. काहींच्या आतला तो फेल्टचा पॅड असतो ना, टेपला हेडवर दाबून धरणारा, तो गळून पडला होता, त्या टेप त्यांनी नवीन खोक्यात बसवल्या. सी-९० ची (नव्वद मिनिटांची) टेप सी-६० (साठ मिनिटांच्या) पेक्षा पातळ असते म्हणून ती जास्त अडकते, अप्पा काटकसरीने सगळ्या सी-९० च आणायचे, त्यामुळे काकांचं काम वाढलं. प्रत्येक कॅसेट आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा पूर्ण फिरवून घेतात, वर्षानुवर्षं पडून टेप आवळून बसलेली असते ती सुटते. घरी जुन्या कॅसेट लावणाऱ्यांनी एवढं तरी कराच.

सगळ्यात भारी काम अँगलचं. आमच्या नॅशनल पॅनासॉनिक टू-इन-वनचं (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) हेड थोडं तिरकं झालं असणार, कारण त्यावर रेकॉर्ड केलेलं दुसऱ्या मशीनवर लावलं की सगळं चादरीखालून बोलल्यासारखं येतं. काकांनी बारीक स्क्रूड्रायव्हरने त्यांच्या मशीनचं हेड हळूहळू त्याच तिरकेपणावर आणलं आणि एकदम आवाज उघडला, मी खुर्चीवरून उठलेच. 'हे मुगभाटाचं केंद्र आहे. श्रोतेहो, आता ऐका पेटीवादन, वादक मी स्वतः.' अप्पा आकाशवाणीच्या निवेदकाची नक्कल करायचे हे मला आठवत होतं पण प्रत्येक कॅसेटला करायचे हे विसरायला झालं होतं. पेटी ते चाळिशीत शिकायला लागले आणि शेवटपर्यंत वाईटच वाजवत राहिले, सूर लागायच्या आत भाता संपायचा. पण केंद्र बंद पडलं नाही.

इथे काकांनी विचारलं, मागचा आवाज साफ करू का? करून दाखवलं पण थोडंसं. खरखर गेली आणि त्याबरोबर आई पण अर्धी गेली, ती मागून ओरडतेय, 'अहो, भाऊच्या धक्क्यावरून एवढं म्हावरं आणलंत ते साफ कोण करणार!' आणि अप्पा निवेदकाच्याच आवाजात, 'श्रोत्यांपैकी एकांची फर्माईश आलेली आहे.' मी म्हटलं काहीही साफ करू नका. काका म्हणाले, बहुतेक जण आधी साफ करा म्हणतात आणि मग परत येतात, म्हणून मूळ फाईल मी उडवत नाहीच. ह्या एका गोष्टीसाठी मी हे दुकान कुणालाही सांगेन.

अप्पांचं रेकॉर्डिंगचं शास्त्र अजब होतं. कॅसेटवर परत रेकॉर्ड होऊ नये म्हणून मागच्या कडेला दोन टिकल्या असतात त्या तोडायच्या आणि मग पश्चात्ताप झाला की त्या भोकांवर सेलोटेप लावून परत रेकॉर्ड करायचं. त्यामुळे एकेका कॅसेटवर थर आहेत. एकावर १९८७ च्या वर्ल्डकपची वानखेडेवरची सेमीफायनल आहे, इंग्लंडविरुद्धची, रेडिओवरून. गूचने स्वीप मारमारून ११५ काढले ते सगळं इमानेइतबारे रेकॉर्ड केलंय, मग आपली बॅटिंग, मग गावसकर ४ वर बोल्ड, डिफ्रेटसने काढला, आणि तिथे खट्ट. पुढे थेट दादा एकोणिसाचा पाढा म्हणतोय आणि अप्पा दर ओळीला 'हं, पुढे'. आपण ३५ रननी हरलो आणि गावसकरची ती शेवटची इंटरनॅशनल मॅच ठरली, पण आमच्या घरच्या इतिहासात त्याचा पुरावा नाही, पाढा आहे. दादा हे ऐकून इतका हसला की वहिनीला वाटलं रडतोय, म्हणजे नंतर रडलाही.

असाच माणूस तो, छंद आणि पोरं वेगळी ठेवायचीच नाहीत. आझाद मैदानावर क्रिकेटची कांगा लीग बघायला आम्हाला एका छत्रीत घेऊन जायचे, ती लीग पावसाळ्यात खेळायची म्हणूनच सुरू झालेली, त्यामुळे आईच्या कुठल्याच हरकतीला अर्थ उरायचा नाही. साहित्य संघात संगीत नाटक असलं की तिथेही पोरं बरोबर, दुसऱ्या अंकात झोपलो तरी चालायचं. राजमाचीला पण नेलंन.

आता तक्रार. फोटो. अप्पांकडे आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता, त्यात १२० चा रुंद रोल बसतो, बारा फोटो आणि प्रत्येक फोटो चौरस. दुकानातल्या मुलाने ते सगळे स्कॅन करून सरळ सहा बाय चारच्या आडव्या साईजमध्ये कापले, न विचारता! वरचं आकाश गेलं ते जाऊ दे, पण खालची कड गेली आणि खाली अप्पा होते. तो कॅमेरा ऊन पाठीशी ठेवून वापरायचा असतो त्यामुळे कित्येक फोटोत पुढे जमिनीवर त्यांची सावली पडलीय, हातांची दोन्ही कोपरं बाहेर काढून उभे. एरवी फोटो काढणारेच ते, त्यामुळे स्वतः फारसे कुठे नाहीतच. मी हे सांगितल्यावर काकांनी वाद घातला नाही, परत पूर्ण स्कॅन करून देतो म्हणाले, जास्तीचे पैसे नाहीत.

रेट कॅसेटमागे अडीचशे, बुरशीवालीला जास्त. सांगितल्यापेक्षा उशीर होतो, फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॅपला उत्तर देतात. स्वतःची हार्डडिस्क न्या, सी-९० ची एकच बाजू पूर्ण क्वालिटीत (२४ बिट ४८ किलोहर्ट्झ) जवळपास ७८० एमबी होते, नाहीतर दाबून लहान केलेली एमपीथ्री घेऊन गप्प बसावं लागतं. कॅसेटच्या आतले कागद फेकू नका, काकांनी अप्पांच्या अक्षरातले कागद बघून तीच नावं फाईलला दिलीत, त्यामुळे माझ्या फोनमध्ये आता 'पेटी, बरी जमली' आणि 'पेटी, आईने बंद केली' अशा फाईल आहेत.

चार स्टार. पाचवा सावल्या परत आल्या की देईन.